ग्रीकांचे देव आणि हिब्रूंचा देव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमर आणि हिब्रू बायबल शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय मला बरीच वर्षं आहे. त्याबद्दल मराठीत काही लिहिलं किंवा बोललं की पत्रं येतात, आणि त्यांत बरेचदा तेच प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. नेमकी तुलना कोणाची आणि कुठल्या काळातली?

ग्रीक बाजूला इलियड आणि ओडिसी ही होमरची महाकाव्यं आणि हेसिअडच्या रचना, म्हणजे साधारण इ.स.पू. ७०० च्या आसपासचं साहित्य. त्यानंतर पाचव्या शतकातली अथेन्सची नाटकं, मग प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. हिब्रू बाजूला ज्यूंचा तनख, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, अनुवाद, शास्ते, शमुवेल, राजे, स्तोत्रं, उपदेशक ही त्यातल्या पुस्तकांची मराठी नावं. हा एका बैठकीत लिहिलेला ग्रंथ नाही. संदेष्टा आमोस इ.स.पू. आठव्या शतकातला, तर दानीएलच्या पुस्तकाला आजचं रूप आलं ते इ.स.पू. दुसऱ्या शतकात.

म्हणजे दोन्हीकडे शेकडो वर्षांचं साहित्य साचलेलं आहे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. होमरचा रागीट झ्यूस एका पारड्यात आणि यशयाचा विश्वनिर्माता दुसऱ्या पारड्यात टाकला, की निकाल आधीच ठरलेला असतो. कथेशी कथा ताडावी, चिंतनाशी चिंतन.

२. फरक एवढाच ना, की ग्रीकांचे देव अनेक आणि हिब्रूंचा एक?

संख्या हा फरक डोळ्यांत भरतो खरा, पण माझ्या मते तो मुळाशी नाही. मूळ प्रश्न असा आहे: देव जगाच्या आत आहे की जगाच्या पलीकडे? ग्रीक देव जगात जन्मले, जगाच्या व्यवस्थेत त्यांना आपापला वाटा मिळाला. पोसायडनला समुद्र, हेडिसला पाताळ, झ्यूसला आकाश, तेही चिठ्ठ्या टाकून (इलियड, पंधरावा सर्ग). हिब्रू देवाच्या वाट्याला काही येत नाही, कारण वाटणी करणारा तोच. त्याच्यावर बंधन असेल तर ते त्याने स्वतः दिलेल्या शब्दाचं. ‘जुना करार’ या नावातला करार तो हाच.

पुढचे बहुतेक फरक, म्हणजे मूर्ती, नवस, दुःख, नियती, इथून फुटतात. संख्येचा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. त्यासाठी प्रश्न ६ आणि १४ पाहा.

३. ग्रीक देव जन्माला येतात. मग ते देव कसे?

ग्रीकांच्या मते देव म्हणजे ‘न मरणारे’. न जन्मलेले असं त्यांनी कधी म्हटलं नाही. हेसिअडची थिऑगनी ही देवांची वंशावळच आहे. आधी केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग गाया, ही पृथ्वी. गायापासून युरेनस, हे आकाश. त्यांचा मुलगा क्रोनस विळ्याने बापाचं लिंग कापतो. पुढे आपली मुलं आपल्याला पदच्युत करतील या धास्तीने तो एकेक मूल जन्मताच गिळत जातो. धाकट्या झ्यूसच्या वेळी आई रिआ बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला धोंडा त्याच्या हाती देते आणि क्रोनस तोच गिळतो.

हा धोंडा पुढे त्याच्या पोटातून बाहेर पडला आणि डेल्फी या ग्रीक तीर्थस्थानी ठेवला गेला, अशी श्रद्धा होती. इ.स. दुसऱ्या शतकात पौसेनियस नावाचा प्रवासी तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की तो दगड फार मोठा नाही, त्यावर रोज तेल ओततात आणि सणाला कच्ची लोकर वाहतात. दगडाला तेल घालण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. (तेल घातलेला दुसरा दगड प्रश्न ८ मध्ये भेटेल.)

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात यातलं काहीच नाही. देवाला आईबाप नाहीत, बायको नाही, त्याचं कुणाशी युद्ध नाही. तो बोलतो आणि होतं. सूर्य-चंद्राचं तर नावही घेतलेलं नाही, ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढंच. शेजारच्या देशांत सूर्य आणि चंद्र देव होते, इथे ते चौथ्या दिवशी टांगलेले दिवे आहेत.

एक खबरदारी घ्यायला हवी. ‘शून्यातून निर्मिती’ हे तत्त्व या अध्यायात स्पष्ट सांगितलेलं नाही. दुसऱ्याच ओळीत अंधार, खोल पाणी आणि ‘तोहू वाबोहू’ अशी आकारहीन स्थिती आहेच. शून्यातून निर्मितीची स्पष्ट भाषा नंतरच्या काळात येते.

४. झ्यूस सर्वशक्तिमान होता ना? मग नियती त्याच्याहून मोठी कशी?

ग्रीक शब्द आहे ‘मोइरा’, म्हणजे वाटा, हिस्सा. मराठीत आपण ‘माझ्या वाट्याला आलं’ म्हणतो, त्याच अर्थाने.

इलियडच्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा लाडका मुलगा सार्पेडन ट्रॉयच्या युद्धात पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या हातून मरणार आहे. झ्यूस वरून पाहतो आहे. उचलून त्याला लिशियात, त्याच्या घरी नेऊन ठेवू का, असं तो आपल्या बायकोला, हेराला, विचारतो. हेराचं उत्तर नीट वाचण्यासारखं आहे. तुला जमणार नाही, असं ती म्हणतच नाही. ती म्हणते, कर, पण आम्ही बाकीचे देव त्याला मान डोलावणार नाही. ट्रॉयपुढे लढणाऱ्यांत इतर देवांचीही मुलं आहेत, उद्या प्रत्येक जण आपापलं उचलायला लागेल. झ्यूस ऐकतो. पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो आणि मुलाला मरू देतो.

म्हणजे नियती ही झ्यूसच्या वर बसलेली दुसरी कुणी व्यक्ती नव्हे. ती जगाची घडी आहे, आणि ती राखण्यातच झ्यूसचं राजेपण आहे. हिब्रू ग्रंथात अशी घडी देवापासून वेगळी नसते. म्हणून तिथे सोदोम नगर वाचवण्यासाठी इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम थेट देवाशी घासाघीस करतो: पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? करत करत तो दहांवर येतो. ‘सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?’ असं देवाला तोंडावर विचारायची सोय तिथे आहे. मोइराला असं कोण विचारणार?

५. हिब्रू देवाचं नाव यहोवा आहे का?

नाव चार व्यंजनांचं आहे: योद, हे, वाव, हे. जुन्या हिब्रू लिपीत स्वर लिहीत नसत. पुढे आदरापोटी हे नाव उच्चारणंच थांबलं आणि वाचताना त्याजागी ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझे प्रभू’ म्हणायची पद्धत पडली. नंतर हस्तलिखितांत त्या चार व्यंजनांना अदोनायच्या स्वरांची चिन्हं लावली, ती वाचणाऱ्याला आठवण म्हणून. ती व्यंजनं आणि हे स्वर जोडून वाचल्यामुळे ‘यहोवा’ हे रूप तयार झालं. मूळ उच्चार ‘याह्वे’च्या जवळपास असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ग्रीकांची अडचण उलटी होती. त्यांच्या देवांना नावं आणि उपाधी ढीगभर, आणि योग्य कामाला योग्य नाव घेतलं पाहिजे. पाहुण्यांचा रक्षक झ्यूस झेनिओस, शपथेचा साक्षी झ्यूस हॉर्किओस. चुकीच्या दाराशी हाक मारली तर ऐकणार कोण?

६. ‘एलोहीम’ हा शब्द अनेकवचनी आहे. म्हणजे हिब्रू लोकही आधी अनेक देव मानत होते का?

शब्दाच्या रूपावरून एवढं सिद्ध होत नाही. इस्राएलच्या देवाबद्दल बोलताना एलोहीमबरोबर क्रियापद जवळजवळ नेहमी एकवचनी येतं. पण प्रश्नाचा रोख बरोबर आहे, पुरावा मात्र दुसरीकडे आहे.

निर्गमच्या पंधराव्या अध्यायातलं जुनं गीत विचारतं, ‘देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ ८२व्या स्तोत्रात देव दिव्य सभेत उभा राहून इतर देवांचा न्याय करतो. आणि १९७५-७६ साली सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद इथे उत्खनन झालं, तेव्हा इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठे रांजण सापडले. त्यांवर शाईने ‘शोमरोनच्या याह्वेच्या आणि त्याच्या अशेराच्या’ नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. अशेरा म्हणजे इथे देवी की तिचं प्रतीक असलेला लाकडी खांब, यावर अजून वाद आहे. काहीही असलं तरी साध्या माणसाची भक्ती संदेष्ट्यांना हवी होती तितकी एकमार्गी नव्हती, हे त्या रांजणांवर लिहिलेलं आहे.

तेव्हा क्रम साधारण असा लागतो. आधी ‘इतर देव असतील, पण आम्ही याचीच सेवा करू’. दहा आज्ञांतली पहिली आज्ञाही ‘माझ्यापुढे तुला अन्य देव नसावेत’ अशी आहे, अन्य देव नाहीतच अशी नाही. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, लोक बाबिलोनला नेले गेले. देऊळ जळालं, राजा गेला, जमीन गेली. आसपासच्या समजुतीप्रमाणे हा त्यांच्या देवाचा पराभव होता. नेमक्या त्याच काळात यशयाच्या पुस्तकाचा उत्तरार्ध लिहिणारा अनाम कवी ठणकावून सांगतो: मीच परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही, प्रकाश मी घडवतो आणि अंधारही मीच. एकेश्वरवादाची सगळ्यात स्वच्छ वाक्यं राखेत बसून लिहिली गेली आहेत. मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

७. ग्रीक देव माणसासारखे, हिब्रू देव निराकार. हे बरोबर ना?

अर्धंच. ग्रीक देव माणसासारखे आहेत, पण त्यांच्या नसांतून रक्ताऐवजी इकॉर वाहतं. इलियडच्या पाचव्या सर्गात ग्रीक वीर डायोमिडीस अफ्रोडायटी देवीच्या मनगटाला भाला मारतो तेव्हा तेच सांडतं, आणि ती रडत आईकडे पळते.

पण हिब्रू देवही उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरतो. माणूस निर्माण केल्याचा त्याला पश्चात्ताप होतो. जलप्रलयानंतर नोहाच्या होमाचा सुवास त्याला आवडतो. लोकांचा पुढारी मोशे याला तो खडकाच्या कपारीत उभा करतो, हाताने झाकतो आणि फक्त आपली पाठ पाहू देतो. ‘निराकार’ हा तत्त्वज्ञानाचा शब्द आहे आणि तो या ग्रंथांवर बराच नंतर चढला. हिब्रू ग्रंथ म्हणतो ते वेगळंच आहे: माझं मुख पाहून कोणी जगणार नाही. पाहण्यासारखं काही नाही, असं तो म्हणत नाही.

८. मग मूर्तीला इतका विरोध का?

दोन गाभारे डोळ्यांपुढे आणा. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये फिडियसने घडवलेली अथीना इ.स.पू. ४३८ मध्ये विराजमान झाली. उंची १२ मीटरच्या आसपास, अंग हस्तिदंताचं, वस्त्रं सोन्याची. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की त्या सोन्याचं वजन ४० टॅलंट होतं, म्हणजे एक हजार किलोच्या घरात, आणि ते सुटं करता येई. युद्धात पैसा संपला तर हे सोनं वापरा, नंतर भरून द्या, असं अथेन्सचा नेता पेरिक्लिस भर सभेत नागरिकांना सांगतो. यात कुणाला देवीचा अपमान वाटला नाही. देवी शहराची होती, अडीअडचणीला घरच्यांना धावून येणारी.

दुसरा गाभारा जेरुसलेमचा. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे शहर जिंकून देवळात शिरला. बाहेरच्या दालनात सोन्याची समई होती, मेज होतं. आत, जिथे महायाजक वर्षातून एकदाच जाई त्या परमपवित्र स्थानात, देवाची मूर्ती नव्हती. जागा रिकामी होती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो.

त्या रिकामेपणाचं कारण अनुवाद या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे: सिनायच्या डोंगरावर तुम्ही आवाज ऐकला, आकार पाहिला नाही. जो शब्दातून भेटला त्याला दगडात शोधू नका.

अपवाद इथेही आहेत. याकोब बेथेलला ज्या दगडावर डोकं ठेवून झोपला तो सकाळी उभा करतो आणि त्यावर तेल ओततो. डेल्फीच्या दगडासारखंच. पुढे अनुवादात असे स्तंभ उभारायला बंदी आली, म्हणजे ते उभारले जात होते. आणि जुन्या देवळात कराराच्या कोशावर, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीवर, पंख पसरलेले करूब हे दिव्य प्राणीही होते. देवाची प्रतिमा नको होती, सगळ्या कोरीवकामाला ना नव्हती.

९. बळी तर दोघेही देत. त्यात काय फरक?

बाहेरून पाहणाऱ्याला फारसा दिसला नसता. दगडी वेदी, बैल किंवा मेंढरू, रक्त, चरबीचा धूर. ग्रीक रिवाजात मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवांसाठी जाळत, मांस माणसं खात. असं का, याची कथा हेसिअड सांगतो: प्रोमिथियसने झ्यूसपुढे दोन वाटे मांडले, एकात हाडांवर झुळझुळीत चरबी, दुसऱ्यात पोटाच्या कातड्याखाली झाकलेलं चांगलं मांस. झ्यूसने चरबीचा वाटा घेतला.

हिब्रू रीतीत ‘ओला’ हे होमार्पण पूर्ण जळे. शांत्यर्पणात मात्र अर्पण करणाऱ्याचं कुटुंबही जेवे. रक्त खायला सक्त मनाई होती, कारण रक्तात प्राण आणि प्राण देवाचा. ५०व्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तर मी तुला सांगणार नाही, मी काय बैलांचं मांस खातो? गंमत अशी की लेवीयात याच अर्पणांना ‘देवाचं अन्न’ म्हटलं आहे. जुना शब्द टिकला आणि स्तोत्रकर्त्याने त्याच्याशी वाद घातला.

१०. इफिजिनिया आणि इसहाक या एकाच कथा आहेत का?

जवळच्या आहेत. इफिजिनिया ही ग्रीक सेनापती ॲगमेम्नॉनची मुलगी, इसहाक हा अब्राहामचा मुलगा. दोन्हीकडे बाप, पोटचं मूल, वेदी आणि देवाची मागणी. एस्किलसच्या नाटकात ऑलिसच्या किनाऱ्यावर मुलीचा बळी जातो. युरिपिडीसने रंगवलेल्या कथेत आर्टेमिस तिच्या जागी हरिणी ठेवते, तसा इसहाकच्या जागी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडतो. पण इसहाकच्या कथेवर थांबून हिब्रू देव नरबळी नाकारतो म्हणणाऱ्यांनी शास्ते, अध्याय ११ वाचावा. इफ्ताह नवस बोलतो, विजय मिळाला तर घराच्या दारातून जे पहिलं समोर येईल ते अर्पीन. डफ वाजवत नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक मुलगी. तिथे मेंढा येत नाही.

११. ते देवाकडे मागत कसे? आपल्यासारखे नवस होते का?

होते, दोन्हीकडे. दोन बायकांच्या प्रार्थना शेजारी ठेवते.

इलियडच्या सहाव्या सर्गात ट्रॉय अडचणीत आहे. राणी हेक्युबा पेटीतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात भरजरी वस्त्र काढते. ते तळाशी ठेवलेलं असतं, सिडॉनच्या बायकांनी विणलेलं, ताऱ्यासारखं चमकणारं. पुजारीण थिआनो ते अथीनाच्या मांडीवर ठेवते. डायोमिडीसचा भाला मोड, आम्ही तुला बारा कालवडी वाहू, असा नवस बोलते. त्यावर होमरची ओळ एवढीच: अथीनाने मान वर झटकली. ग्रीसमध्ये आजही नकार असाच देतात. कारण दिलेलं नाही, चूकही सांगितलेली नाही. देवी दुसऱ्या बाजूला आहे, बस्स.

पहिल्या शमुवेलाच्या सुरुवातीला हन्ना आहे. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी. ती देवळात जाऊन नवस बोलते, मुलगा दे, तो तुलाच वाहीन. ओठ हलतात पण आवाज नाही, म्हणून एली याजकाला वाटतं ही प्यायलेली आहे. ती म्हणते, नाही महाराज, मी माझं मन परमेश्वरापुढे ओतते आहे. तिला मुलगा होतो, आणि दूध तुटल्यावर ती तो खरंच नेऊन देते. पुढे दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेते.

वस्त्र दोन्ही कथांत आहे. थिआनोचं मागण्याआधी दिलेलं, हन्नाचं मिळाल्यावर, देऊन टाकलेल्या लेकरासाठी. हिब्रू प्रार्थना नेहमी ऐकली जाते, असा याचा अर्थ नाही. ८८वं स्तोत्र संपूर्ण अंधारात संपतं. पण तिथे देव दुसऱ्या पक्षाचा असू शकत नाही. म्हणून मौन आलं की ते जास्त झोंबतं.

१२. डेल्फीचा कौल आणि हिब्रू संदेष्टे एकच काम करत का?

कोकणात-गोव्यात देवळात कौल लावतात, त्याच्या जवळ डेल्फी येते. माणूस प्रश्न घेऊन जातो, वसाहत कुठे करू, लढाई करू का, आणि पायथिया ही तिथली पुजारीण उत्तर देते. हिब्रूंकडेही उरीम-थुम्मीम या याजकाकडच्या पवित्र चिठ्ठ्यांनी कौल घेण्याची पद्धत होती. संदेष्टा मात्र बरेचदा कुणी न विचारता येतो. आमोस तकोवाचा गुरंराखा आणि उंबराची फळं काढणारा. ‘मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही’ असं तो स्वतः म्हणतो. तो उत्तरेच्या राजदेवळात जाऊन देवाच्या नावाने सांगतो: तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी थांबवा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

१३. ग्रीक देव अनीतिमान आणि हिब्रू देव नीतिमान, असं म्हणता येईल का?

सरळ असं म्हणू नये. हेसिअड सांगतो की झ्यूसचे ३०,००० अमर पहारेकरी धुक्याचं पांघरूण घेऊन पृथ्वीवर फिरतात आणि अन्याय टिपतात. ओडिसीत देव परक्याच्या वेशात गावोगाव हिंडतात, कोण माणुसकीने वागतं ते पाहायला. झ्यूसचं खासगी वागणं आणि झ्यूसचा न्याय या ग्रीकांना दोन वेगळ्या गोष्टी वाटत.

फरक मागणीत आहे. ग्रीक देव मुख्यतः मान मागतो. युरिपिडीसच्या नाटकातला हिपॉलिटस शुद्ध वागतो, पण अफ्रोडायटीला मान देत नाही, म्हणून मरतो. हिब्रू देव मान मागतो आणि वर विचारतो, विधवेचं काय केलंत, परक्याचं काय, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दिलीत का? दुसरीकडे, कनानमधली गावं समूळ कापून काढायच्या आज्ञाही त्याच ग्रंथात आहेत. त्या लपवून तुलना करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

१४. ग्रीक तत्त्वज्ञांनीही एकच देव मानला. मग ते आणि यशया एकाच ठिकाणी पोचले ना?

वाटेत भेटल्यासारखे दिसतात. इ.स.पू. सहाव्या शतकातला झेनोफेनिस म्हणाला, बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव रंगवले असते. इथिओपियन लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे, लाल केसांचे. एकच देव सर्वांत थोर, असंही तो म्हणतो. पण ओळ ‘देवांत आणि माणसांत थोर’ अशी आहे. बाकीचे देव त्याने हाकलले नाहीत.

ॲरिस्टॉटलचा अचल चालक तर स्वतःच्या चिंतनाचंच चिंतन करतो. जग त्याच्या ओढीने हलतं, प्रिय व्यक्तीकडे मन ओढलं जावं तसं. तो जग निर्माण करत नाही, कुणाला हाक मारत नाही, त्याला हन्ना माहीत नाही. शिवाय ग्रहगोलांच्या गतींचा हिशोब मांडताना असे चालक ४७ किंवा ५५ असावेत, असंही ॲरिस्टॉटल लिहितो. तत्त्वज्ञांना जगाचं कारण हवं होतं. यशयाला इजिप्तमधून सोडवणारा आणि आता बाबिलोनमधून सोडवील असा कुणीतरी हवा होता.

१५. दुःख का, याचं उत्तर कोण चांगलं देतं?

दोघांनीही उत्तर देताना हात आखडता घेतला आहे, आणि त्याबद्दल मला दोघांविषयी आदर आहे. इलियडच्या शेवटच्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम मुलाचं प्रेत मागायला येतो, त्याला मारणाऱ्या अकिलीसच्या हाताचं चुंबन घेतो. अकिलीस सांगतो, झ्यूसच्या दाराशी दोन रांजण आहेत, एक दुःखाचा, एक सुखाचा. कुणाला मिसळून देतो, कुणाला नुसतं दुःख. नुसतं सुख कुणालाच नाही. दोघं आधी रडले आहेतच, मग जेवतात.

हिब्रू बाजूचा ईयोब, काही चूक नसताना सर्वस्व गमावलेला, जेवायला तयार नाही. त्याला सुनावणी हवी आहे, कारण पलीकडे ऐकणारा कुणी आहे यावर त्याचा विश्वास आहे. देव वावटळीतून बोलतो तेव्हा कारण सांगतच नाही. उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? मग पहाडी बकऱ्या, रानगाढव, शहामृग, घोडा. शेवटी मात्र तो ईयोबच्या मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. भांडणारा खरा ठरला, देवाची वकिली करणारे खोटे.

१६. मेल्यानंतर काय?

इथे दोन्ही परंपरा आरंभी चकित करण्याइतक्या जवळ आहेत. ग्रीकांचं पाताळ हेडिस आणि हिब्रूंचं शिओल दोन्ही धूसर, मुके, चांगल्या-वाईट सगळ्यांसाठी सारखे. अकिलीसचं भूत म्हणतं, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर मजुरी परवडली. उपदेशक म्हणतो, मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा. वाटा नंतर फुटल्या: प्लेटोकडे अमर आत्मा, दानीएलकडे मातीत झोपलेल्यांचं उठणं.

१७. या दोन कल्पना प्रत्यक्ष कधी एकमेकींना भिडल्या?

अलेक्झांड्रियात, भाषांतरात. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोरा, म्हणजे तनखची पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये उतरली. जळत्या झुडपातून मोशेला मिळालेलं उत्तर हिब्रूत ‘एह्ये अशेर एह्ये’ आहे. मी आहे तो आहे, किंवा मी असेन तो असेन, असं चालतं-बोलतं क्रियापद. ग्रीकमध्ये ते ‘मी तो, जो अस्तित्वात आहे’ असं झालं. एका वचनाचं अस्तित्वाच्या सिद्धांतात रूपांतर झालं आणि फिलोसारख्या ज्यू तत्त्वज्ञाला प्लेटो आणि मोशे एकत्र वाचायची वाट मोकळी झाली.

दुसरी भेट रक्ताची होती. इ.स.पू. १६७ मध्ये सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने जेरुसलेमचं देऊळ ऑलिंपियन झ्यूसचं केलं. बंड झालं, १६४ मध्ये देऊळ शुद्ध करून घेतलं. हनुक्का हा सण त्याचीच आठवण.

१८. ग्रीक माणूस परका देव सहज स्वीकारी. हिब्रूला ते कधीच चालत नसे का?

ग्रीकांची सवय भाषांतराची होती: तुमचा आमून म्हणजे आमचा झ्यूस. भारतातलं उदाहरण विदिशेजवळ बेसनगरला उभं आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने ‘देवदेव वासुदेवा’साठी गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवलं. आपल्या कार्ल्याच्या चैत्यातही काही खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. ते वंशाने ग्रीकच होते का, हा वेगळा वाद.

हिब्रू बाजूला वाट अरुंद, पण दुसऱ्या राजेच्या पाचव्या अध्यायात एक खिडकी आहे. अरामी सेनापती नामान कोडातून बरा होतो, इस्राएलची दोन खेचरांवर मावेल इतकी माती मागून घेतो, यापुढे याच देवाची उपासना करीन म्हणतो. मग चाचरत विचारतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून आमच्या रिम्मोन देवाच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, एवढं माफ होईल का? संदेष्टा अलीशा म्हणतो, ‘शांतीने जा.’

१९. मराठीत दोघांनाही ‘देव’ म्हणणं बरोबर आहे का?

व्युत्पत्ती पाहिली तर आपला ‘देव’ झ्यूसचा भाऊबंद आहे. झ्यूस, वैदिक द्यौस्, लॅटिन देऊस, सगळ्यांच्या मुळाशी उजळतं आकाश. ग्रीक ‘थिऑस’ हा शब्द मात्र दिसायला जवळ असूनही या कुळातला नाही. एलोहीम तर वेगळ्याच भाषाकुळातला.

पण शब्द जन्मावर चालत नाही, वापरावर चालतो. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल हे ज्यू लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. दाराच्या चौकटीवर मेझुझा ही वचनांची डबी, तोंडी शमा ही हिब्रू प्रार्थना, आणि घरात बोलणं मराठी. त्यांचा हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं ताटात मांडून एलियाहू हानबी या संदेष्ट्याची आठवण करताना ते ज्याचे आभार मानतात, त्याला आपसांत देवच म्हणत आले आहेत.

आणि मराठीची एक सोय मला फार मोलाची वाटते. आपल्या लिपीत मोठं-छोटं अक्षर नाही, जसं हिब्रूत नाही आणि प्राचीन ग्रीकमध्येही नव्हतं. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं, हा मोठ्या अक्षराचा की लहान. ८२व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत एलोहीम हा शब्द दोनदा येतो, एकदा न्याय करणाऱ्यासाठी, एकदा ज्यांचा न्याय होतो त्यांच्यासाठी. मराठीत ती ओळ आहे तशी ठेवता येते: देव देवांच्या मध्ये उभा राहून न्याय करतो.